‘फॉरेन अफेअर्स’मध्ये छापून आलं म्हणजे ते अमेरिकेचं मत असतं का? शंभरी ओलांडलेल्या एका नियतकालिकाची गोष्ट

दर काही महिन्यांनी एखादा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुकवर फिरायला लागतो. वर ‘फॉरेन अफेअर्स’ हे नाव, खाली भारत, चीन किंवा रशियाबद्दलचा एखादा झणझणीत मथळा आणि सोबत कुणीतरी मराठीत जोडलेली ओळ. ‘अखेर अमेरिकेने मान्य केलंच’ किंवा ‘अमेरिकेचा भारताला इशारा’. मग कमेंटमध्ये दोन गट पडतात आणि भांडण सुरू होतं. मूळ लेख कुणी लिहिलाय, कधी लिहिलाय, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

‘फॉरेन अफेअर्स’ हे अमेरिकी सरकारचं नियतकालिक नाही. त्यात छापून आलेला लेख म्हणजे व्हाइट हाउसचं निवेदन नव्हे. पण हे उत्तर इथेच संपत नाही. कारण एकदा याच नियतकालिकात टोपणनावाने आलेला एक लेख खरोखरच अमेरिकेचं धोरण म्हणून वाचला गेला, आणि त्याचे पडसाद पुढची चाळीस वर्षं उमटत राहिले. त्यामुळे ‘सरकारी नाही’ एवढं म्हणून भागत नाही. लेखाखाली नाव कुणाचं आहे, ती व्यक्ती त्या वेळी कोणत्या खुर्चीत होती आणि तिने हे का लिहिलं, हे बघावं लागतं.

सरकारी नाही, मग कुणाचं?

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषद भरली. तिथे सल्लागार म्हणून गेलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश अभ्यासकांना वाटलं की परराष्ट्र धोरणावर कायम अभ्यास करणारी, सरकारबाहेरची एखादी संस्था हवी. त्यातून ब्रिटनमध्ये ‘चॅटम हाउस’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली आणि न्यूयॉर्कमध्ये १९२१ साली ‘कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्स’.

या कौन्सिलने सप्टेंबर १९२२ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ सुरू केलं. त्यासाठी अमेरिकेतल्या श्रीमंत मंडळींना पत्रं पाठवून सुमारे सव्वा लाख डॉलर जमवण्यात आले. म्हणजे पैसा खासगी, संस्था खासगी. पण कौन्सिलचे सदस्य कोण? तर बँकर, वकील, प्राध्यापक, माजी मंत्री आणि उद्या मंत्री होऊ शकतील असे लोक. सरकार बदललं की यातले काही जण सरकारात जायचे आणि काही बाहेर यायचे. आजही तसंच चालतं.

पहिले संपादक होते हार्वर्ड विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॅरी कूलिज. ते बोस्टन सोडून न्यूयॉर्कला यायला तयार नव्हते. म्हणून न्यूयॉर्कमधलं रोजचं काम बघायला हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग या तरुण पत्रकाराला घेतलं. तेव्हा त्याचं वय तिशीच्याही आत होतं. मुखपृष्ठाचा फिकट निळा रंग त्यानेच निवडला. १९२८ मध्ये कूलिज वारले आणि आर्मस्ट्राँग संपादक झाले. त्या खुर्चीत ते १९७२ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षं होते.

पहिल्या अंकातला पहिला लेख एलिहू रूट यांचा होता. रूट अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री आणि १९१२ च्या शांततेच्या नोबेलचे मानकरी. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकशाहीत परराष्ट्र धोरणावर लोकांचा दबाव येणारच, मग लोकांना त्यातलं कळायलाही हवं. आणि नियतकालिकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की आम्ही कुठल्या एका मताचा प्रचार करणार नाही, एकमेकांशी न पटणाऱ्या मतांना जागा देऊ. लेखातलं मत लेखकाचं, ही भूमिका तेव्हापासून कागदावर आहे.

जन्माआधीचं नाव

या नियतकालिकाच्या वंशावळीत एक गोष्ट आहे, जी बरीच वर्षं फारशी कुणी सांगत नव्हतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या क्लार्क विद्यापीठातून १९१० मध्ये एक नियतकालिक निघालं. त्याचं नाव ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’, म्हणजे वंशविकासाचं नियतकालिक. जॉर्ज हबर्ड ब्लेक्सली आणि जी. स्टॅन्ली हॉल हे त्याचे संपादक. जगातले ‘मागास’ समजले जाणारे वंश, त्यांच्यावर राज्य कसं करावं, त्यांची ‘प्रगती’ कशी व्हावी, असे त्यातले विषय. १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झालं आणि १९२२ मध्ये ते ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये विलीन झालं.

म्हणजे आज आपण ज्याला ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ म्हणतो, त्या विषयाच्या पाटीवर काही वर्षं आधी ‘वंश’ हा शब्द होता. रॉबर्ट विटालिस या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने २०१५ च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास सविस्तर मांडला, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी. गोऱ्यांच्या वर्चस्वावर कडक टीका करणारा त्यांचा लेख १९१७ मध्ये याच ‘रेस डेव्हलपमेंट’च्या अंकात आला होता. पुढे १९२५ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये त्यांनी ‘वर्ल्ड्स ऑफ कलर’ हा लेख लिहिला. आफ्रिकेतल्या वसाहतींचा प्रश्न आणि अमेरिकेतल्या वर्णभेदाचा प्रश्न एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. १९४३ पर्यंत त्यांचे एकूण पाच लेख इथे आले. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना रेल्वेत वेगळ्या डब्यात बसावं लागत होतं, तो हा काळ. एका बाजूला साम्राज्याची भाषा आणि दुसऱ्या बाजूला तिला उत्तर, दोन्ही त्याच घराण्याच्या पानांवर सापडतात.

‘के’ कोण आणि ‘एक्स’ कोण?

आता सहीकडे वळू. पहिल्याच अंकात क्रांतीनंतरच्या रशियावर एक लेख होता. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त एक अक्षर, ‘के’. हा ‘के’ म्हणजे खुद्द संपादक कूलिज. तेव्हा अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताही दिली नव्हती. अशा नाजूक विषयावर नाव न देता लिहायची सोय या नियतकालिकात पहिल्या दिवसापासून होती.

पंचवीस वर्षांनी ही सोय चांगलीच महागात पडली.

जॉर्ज केनन हे मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातले अधिकारी. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला एक लांबलचक तार पाठवली. सोव्हिएत सत्ता अशी का वागते, याचं ते विश्लेषण होतं. इतिहासात ही तार ‘लाँग टेलिग्राम’ म्हणूनच ओळखली जाते. केनन अमेरिकेत परतल्यावर जानेवारी १९४७ मध्ये कौन्सिलमध्ये बोलले. आर्मस्ट्राँगनी त्यांच्याकडे लेख मागितला. केनन यांनी नौदल मंत्री जेम्स फॉरेस्टल यांच्यासाठी याच विषयावर एक टिपण आधीच तयार केलं होतं. सरकारी परवानगी घेऊन, नाव न छापण्याच्या अटीवर, ते त्यांनी देऊन टाकलं.

जुलै १९४७ च्या अंकात तो लेख आला. मथळा ‘द सोर्सेस ऑफ सोव्हिएत कंडक्ट’, म्हणजे सोव्हिएत वागणुकीची मुळं. लेखक ‘एक्स’. सोव्हिएत विस्ताराला धीराने, दीर्घकाळ आणि सावधपणे रोखून धरायला हवं, हे त्याचं सार. त्यातूनच ‘कंटेनमेंट’ हा शब्द जगभर गेला.

घोळ वेळेचा होता. लेख लिहिला तेव्हा केनन यांच्याकडे धोरण ठरवणारं पद नव्हतं. पण लेख छापून येईपर्यंत त्यांची परराष्ट्र खात्याच्या नव्या धोरण-नियोजन विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली होती. त्यातच ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आर्थर क्रॉक यांनी फॉरेस्टल यांच्याकडे ते टिपण आधी पाहिलेलं होतं. त्यांनी भाषा ओळखली आणि हा ‘एक्स’ सरकारात वरच्या जागी बसलेला आहे, हे बाहेर काढलं. काही दिवसांत केनन यांचं नाव सगळ्यांना कळलं. ‘लाइफ’ आणि ‘रीडर्स डायजेस्ट’ यांनी लेखातले भाग छापले. बंदी नावावर होती, पण नाव फुटल्यामुळे लेखाचं वजन उलट वाढलं. एका अधिकाऱ्याचं विश्लेषण बघता बघता सरकारची अधिकृत भूमिका झालं. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांना हा प्रकार अजिबात रुचला नाही. सल्लागारांनी जाहीरपणे बोलू नये, असं त्यांचं मत होतं.

पुढे अमेरिकेने लष्करी करार केले, तळ उभारले, व्हिएतनाममध्ये सैन्य उतरवलं. या सगळ्याचं समर्थन ‘कंटेनमेंट’च्या नावाने होत राहिलं. आपल्याला राजकीय उपायांनी रोखणं अभिप्रेत होतं, जगात दिसेल तिथे सैन्य पाठवणं नव्हे, असं केनन पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पण लेख त्यांच्या हातातून कधीच सुटला होता.

उत्तर दुसरीकडेच आलं

या लेखावर सगळ्यात धारदार टीका वॉल्टर लिपमन यांनी केली. ते त्या काळातले अमेरिकेतले सर्वात वजनदार स्तंभलेखक. या धोरणामुळे अमेरिकेला सोव्हिएत सीमेभोवतीच्या दुबळ्या सरकारांना टेकू देत बसावं लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये लेखमाला लिहिली. तिचं ‘द कोल्ड वॉर’ नावाचं छोटं पुस्तक निघालं आणि ‘शीतयुद्ध’ हा शब्द रूढ व्हायला त्याने मोठा हातभार लावला.

ही लेखमाला ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये आली नाही, आणि तशी येणारही नव्हती. लिपमन आणि आर्मस्ट्राँग एकेकाळी जिवलग मित्र. पण लिपमन आणि आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी हेलन यांच्यात प्रेमसंबंध जुळले. दोन्ही घटस्फोट झाले आणि १९३८ मध्ये त्या दोघांनी लग्न केलं. त्यानंतर आर्मस्ट्राँग यांच्या काळात लिपमन यांना या पानांवर जागा मिळाली नाही. सगळ्या मतांना जागा देणाऱ्या नियतकालिकालाही संपादकाच्या घरातल्या गोष्टी चिकटलेल्या असतात, ते असे.

खुर्ची नसताना लिहिलेला लेख

ऑक्टोबर १९६७ मध्ये रिचर्ड निक्सन यांचा लेख आला. व्हिएतनामनंतरचा आशिया हा विषय. तेव्हा निक्सन यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं. १९६० ची अध्यक्षीय निवडणूक हरलेले, १९६२ ची कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरची निवडणूकही हरलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वकिली करणारे माजी उपाध्यक्ष. चीनला कायमचं जगाच्या कुटुंबाबाहेर ठेवणं परवडणार नाही, असं त्यांनी लिहिलं.

त्या दिवशी कुणी ‘अमेरिका चीनशी हातमिळवणी करणार’ अशी पोस्ट टाकली असती, तर ती चूक ठरली असती. तेव्हा अमेरिकेची अधिकृत भूमिका बरोबर उलटी होती. पण पुढच्याच वर्षी निक्सन अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये बीजिंगला जाऊन माओंना भेटले. म्हणजे तो लेख सरकारचं मत नव्हता, पण उद्याच्या सरकारच्या डोक्यात काय चाललंय याची खूण होती. परराष्ट्र खात्यातले लोक हे नियतकालिक चाळतात ते यासाठीच.

नेहरूंपासून जसवंत सिंगांपर्यंत

भारतीयांनीही या जागेचा उपयोग ओळखला होता. जानेवारी १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंचा ‘द युनिटी ऑफ इंडिया’ हा लेख इथे आला. तेव्हा भारत पारतंत्र्यात होता. वॉशिंग्टनमध्ये भारताची बाजू मांडायला आपला राजदूत नव्हता. भारत म्हणजे एकमेकांशी न पटणाऱ्या जातीधर्मांचं गाठोडं आहे, हा ब्रिटिशांचा आवडता युक्तिवाद. त्याला अमेरिकी वाचकांसमोर थेट उत्तर देण्याची ही वाट होती. पुढे १९४१ मध्ये नेहरूंच्या लेखांचा जो संग्रह लंडनहून निघाला, त्याला याच लेखाचं नाव दिलं गेलं.

एप्रिल १९६३ मध्ये नेहरूंनी पुन्हा लिहिलं, या वेळी पंतप्रधान म्हणून. काही महिन्यांपूर्वीच चीनने भारतावर हल्ला केला होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये इंदिरा गांधींचा लेख आला. बांगलादेश युद्धाला वर्षही झालं नव्हतं. त्या युद्धात अमेरिकेने आपलं आरमार बंगालच्या उपसागराकडे वळवलं होतं, आणि व्हाइट हाउसमध्ये तेच निक्सन बसले होते. भारताच्या पंतप्रधानांनी आपली बाजू अमेरिकेच्या आघाडीच्या नियतकालिकात मांडली.

सगळ्यात बोलकं उदाहरण १९९८ चं. मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. जूनपासून जसवंत सिंग आणि अमेरिकेचे उप परराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबॉट यांच्यात बंद दाराआड बोलणी सुरू झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अंकात जसवंत सिंगांचा लेख आला, ‘अगेन्स्ट न्यूक्लिअर अपार्थाइड’. काही देशांनी अण्वस्त्रं बाळगायची आणि बाकीच्यांना उपदेश करायचा, हा अणुक्षेत्रातला वर्णभेद आहे, अशी त्यांची मांडणी. मार्च-एप्रिल १९९९ च्या अंकात टॅलबॉट यांनी आपली बाजू लिहिली. टेबलावर बोलणारे दोघं, आणि त्याच नियतकालिकात लिहिणारेही तेच दोघं. यातला एक लेख भारताची बाजू, दुसरा अमेरिकेची. दोन्हींवर नाव मात्र ‘फॉरेन अफेअर्स’चं.

संपादक कोण असावा, यावरून भांडण

आर्मस्ट्राँग निवृत्त होणार होते, तेव्हा त्यांच्या जागी विल्यम बंडी यांचं नाव जाहीर झालं. बंडी जॉन्सन सरकारात पूर्व आशियाचं काम बघणारे अधिकारी होते, म्हणजे व्हिएतनाम धोरण आखणाऱ्यांपैकी एक. त्याच सुमारास, जून १९७१ मध्ये, ‘पेंटागॉन पेपर्स’ फुटले आणि त्यांत बंडी यांचा सहभाग लोकांना दिसला. कौन्सिलच्या काही सदस्यांनी उघड विरोध केला. ज्याने युद्ध आखलं, तोच त्या युद्धाची चर्चा कशी काय चालवणार, हा त्यांचा सवाल. नेमणूक मात्र टिकली.

याच अस्वस्थतेत १९७० मध्ये ‘फॉरेन पॉलिसी’ नावाचं प्रतिस्पर्धी नियतकालिक निघालं होतं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक होते हार्वर्डचे प्राध्यापक सॅम्युअल हंटिंग्टन. पुढे ‘फॉरेन अफेअर्स’मधला गाजलेला लेख त्यांनीच लिहिला.

गळून पडलेलं प्रश्नचिन्ह

१९९३ च्या उन्हाळी अंकात हंटिंग्टन यांचा ‘द क्लॅश ऑफ सिव्हिलायझेशन्स?’ आला. सोव्हिएत संघ कोसळला होता. आता पुढचे संघर्ष विचारसरणींवरून नाही, तर संस्कृतींवरून होतील, असं त्यांचं भाकीत. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पुढच्याच अंकात फौआद अजामी, सिंगापूरचे किशोर महबुबानी अशा अनेकांनी त्यावर प्रतिवाद केला. राष्ट्रं संस्कृतीसाठी नाही, तर स्वतःच्या हितासाठी लढतात, असं अजामी यांचं म्हणणं. त्यानंतर हंटिंग्टन यांनी उत्तर दिलं.

१९९६ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा प्रश्नचिन्ह नव्हतं. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तर हा मथळा म्हणजे सिद्ध झालेलं सत्यच, अशा थाटात जगभर वापरला गेला. मूळ प्रश्न आणि त्यावर आलेली उत्तरं मागे पडली. तेव्हा फॉरवर्ड करायला व्हॉट्सअॅप नव्हतं, तरीही हे घडलं.

मग स्क्रीनशॉट आला तर काय बघायचं?

आता हे नियतकालिक वर्षातून सहा वेळा निघतं आणि त्याच्या वेबसाइटवर अंकाबाहेरचे लेखही सतत येत असतात. त्यामुळे स्क्रीनशॉट येतच राहणार. पुढे ढकलण्याआधी एवढं बघा:

- लेखकाचं नाव आणि पद. आज मंत्री, काल मंत्री, उद्या मंत्री व्हायची इच्छा असलेला की प्राध्यापक? ‘अमेरिका म्हणाली’ असं लिहिण्याऐवजी त्या व्यक्तीचं नाव लिहा.
- तारीख. निक्सन यांचा लेख १९६७ मध्ये एक सांगतो आणि १९७२ मध्ये वाचला तर वेगळंच.
- लेख लिहिण्याचं निमित्त. बोलणी चालू आहेत का, निवडणूक जवळ आलीय का, निर्बंध लागलेत का?
- प्रतिवाद. गाजलेल्या लेखावर पुढच्या अंकांत बहुतेक वेळा उत्तर येतं. तेही शोधा.
- लेखाचा प्रकार. हे संशोधन-पत्रिकेसारखं तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं संशोधन नाही. संपादकांनी निवडलेला मतप्रधान लेख आहे. त्यातली माहिती चोख असू शकते, पण निष्कर्ष लेखकाचाच.
- मथळा खरा आहे का. नियतकालिकाच्या वेबसाइटवर तो शोधून बघा. पूर्ण लेखाला पैसे पडत असले, तरी मथळा, लेखक आणि तारीख फुकट दिसते.

१९४७ मध्ये एका अक्षराच्या सहीमुळे एका माणसाचं मत देशाचं धोरण म्हणून वाचलं गेलं. आज लेखाखाली लेखकाचं पूर्ण नाव असतं, पदही लिहिलेलं असतं. स्क्रीनशॉट काढताना नेमका तोच भाग कापला जातो.